आपलं माणूस पाण्यात नको

नवा पाहुणा बोटीवर आला आणि वहिनीला पोहता येत नाही हे त्याला कळलं, की तो हमखास तोंडात बोट घालायचा. "समुद्रावर राहता आणि पोहत नाही?"

"भात मी शिजवते, म्हणून काय पातेल्यात उडी मारते?" वहिनी म्हणायची. पाहुणे हसायचे, विषय मिटायचा. पण पाठ फिरली की वहिनी कांद्यावर अशी सुरी चालवायची, की कांद्यानं तिचं काय घोडं मारलंय असं बघणाऱ्याला वाटावं.

बोट काही राजवाडा नव्हती. खाली पाहुण्यांच्या खोल्या, वर जेवणाचं लांब टेबल, मागच्या बाजूला हवेच्या टाक्यांची रांग आणि पाण्यात उतरायची शिडी. बंदर सोडलं की दोन दिवस नुसता समुद्र, आणि मग ती बेटं. बेटं कसली, बांगड्याच म्हणायच्या. पोवळ्यांच्या खडकाचं गोल कडं, बाहेर काळजात धस्स व्हावं इतकं खोल पाणी, आत उथळ, हिरवट, शांत तळं. पाहुणे बोटीवरच राहायचे, खायचे, झोपायचे, आणि उरलेला वेळ पाण्याखाली घालवायचे. काही जण पाठीला टाकी बांधून खोल जायचे, काही तोंडात नळी धरून वरच्या वर तरंगायचे.

वहिनीचा नवरा या बोटीवरचा मोठा गाइड. सगळे त्याला दादा म्हणायचे, म्हणून ती वहिनी. कप्तान दादाचा लहानपणापासूनचा दोस्त. दुसरी गाइड एक तरुण मुलगी होती. पाण्यात अशी सुळकन जायची, की तिला सगळे मासोळीच म्हणायला लागले होते.

वहिनी आधी एका वसतिगृहाच्या खानावळीत होती. मुलगी शिकली, लांबच्या शहरात नोकरीला लागली, नवरा वर्षातले आठ महिने समुद्रावर. घरात भिंतींशी बोलायची वेळ आली तेव्हा तिनं दादाला सांगितलं, "तुमच्या बोटीवरचा आचारी पळालाय म्हणे. मी येते." सासरच्यांनी नाकं मुरडली. इतक्या पुरुषांत, इतक्या लांब, शोभतं का? "पातेल्यांना विचारून सांगते," वहिनी म्हणाली आणि ट्रंक उचलून आली. तेव्हापासून तिथंच होती.

तिचं स्वयंपाकघर म्हणजे दोन माणसं उभी राहिली तर एकानं श्वास आत ओढून घ्यायचा. शेगडीभोवती लोखंडी कठडा, लाटेनं पातेली घसरू नयेत म्हणून. ताटांखाली ओला फडका. कपाटांना कड्या. आणि एक गोल खिडकी, पाण्यापासून हातभर वर. त्या खिडकीतून तिला शिडी दिसायची, आणि शिडीवरून उतरणारे पाय. लोक खाली जायचे, वर यायचे, वर आले की वेडे झाल्यासारखे बोलायचे. हातवारे करायचे, एकमेकांना मिठ्या मारायचे, कुणाकुणाच्या डोळ्यांत पाणी असायचं. पायांच्या वर काय घडतं हे वहिनीला कळायचं. पायांच्या खाली काय आहे, ते मात्र कधीच नाही.

"काय पाहिलंत आज?" ती दादाला विचारायची.

"मासे."

"मासे मी रोज कढईत बघते हो! कसले मासे? कसे? काय करत होते?"

"पोहत होते," दादा म्हणायचा आणि टॉवेलनं डोकं पुसायला लागायचा.

आता तुम्ही म्हणाल, एवढी हौस होती तर गेली का नाही? घरचा गाइड, दारात समुद्र. तर त्याला आडवी येत होती बोटीवरची रीत. आपलं माणूस पाण्यात नको. त्या भागातल्या सगळ्याच बोटींवर ती पाळायचे. गाइड पाण्यात असेल तेव्हा त्याची बायको, मूल, भाऊ, कुणी पाण्यात उतरायचं नाही. कारण पाणी फिरलं आणि दोन माणसं एकदम अडचणीत आली, तर हात आपल्या माणसाकडे जातो आणि परक्याचा जीव जातो. जुन्या माणसांनी घातलेली रीत, शहाणपणाची. वहिनीला ती पटतही होती. पण दादा रोज पाण्यात असायचा. म्हणजे वहिनीनं रोज कोरडं राहायचं. पटलेल्या गोष्टीचासुद्धा माणसाला राग येतोच की.

त्या मोसमाच्या शेवटच्या फेरीला एक निवृत्त शाळाबाई आल्या. सत्तरीच्या, एकट्या, काडीसारख्या बारीक. त्यांना पाण्याची भयंकर भीती, आणि तरीही त्या आल्या होत्या. पहिल्या दिवशी दादा त्यांना घेऊन शिडीच्या खालच्या पायरीवर बसला. वहिनी खिडकीत भाजी चिरत होती.

"घाबरू नका बाई. मी आहे ना," दादा म्हणत होता. "घाई कुणाला आहे? आधी नुसता चेहरा पाण्यात. बास. मला काय दिसलं ते सांगायचं. पिवळा? शाब्बास. त्याला रेघा किती? परत बघा. तो चावत नाही, तो लाजतो."

वहिनीच्या हातातली सुरी थांबली. इतकं बोलणारा हा माणूस कोण? इतका गोड आवाज तिनं लग्नात ऐकला नव्हता, बाळंतपणात ऐकला नव्हता. बाईंनी चेहरा बुडवला, वर काढला आणि लहान मुलीसारख्या खिदळल्या. वहिनीला त्यांचा राग आला नाही. दादाचा आला. असा आला की कान तापले.

आणि त्याच दुपारी आगीत तेल पडलं. कप्तान आणि दादा मागे दोरखंड गुंडाळत बसले होते, ती चहा घेऊन गेली, तर कप्तान म्हणाला, "काय वहिनी, पुढच्या मोसमाला मज्जा तुमची! बंदरावर खानावळ बघितलीय आम्ही. जमिनीवर पाय, पंखा, मोठी शेगडी. ठरलं सगळं."

"कुणाचं ठरलं?"

"आमचं," कप्तान भाबडेपणानं म्हणाला. दादा दोरखंडाकडे बघत राहिला.

"तुझे गुडघे दुखतात शिडी चढताना," दादा पुटपुटला. "तुझ्यासाठीच केलं."

"गुडघे माझे आणि ठरवणार तुम्ही? वा!" वहिनीनं चहा ठेवला. "म्हणजे ही माझी शेवटची फेरी. बरं. मग मला पाण्यात उतरायचंय. या फेरीत."

दादानं मान वर केली. "ते होणार नाही. तुला माहितीये."

"तुम्ही टाकी लावून बाहेरच्या खोल पाण्यात जाल तेव्हा मी आतल्या तळ्यात जाईन. मासोळीबरोबर."

"मी पाण्यात म्हणजे पाण्यात. आत काय, बाहेर काय. रीत म्हणजे रीत."

"मग एक दिवस तुम्ही वर थांबा."

"पाहुण्यांना सोडून? माझ्या बायकोला मासे दाखवायचेत म्हणून?" दादा हसला. ते हसू नको होतं. बाकी सगळं वहिनीनं एक वेळ पोटात घातलं असतं.

"आधी बाई, मग बायको. समजलं," ती म्हणाली आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुणे पाण्यातून वर आले ते लांडग्यासारखी भूक घेऊन. टेबल रिकामं. ना पाव, ना अंडी, ना चहाची किटली. स्वयंपाकघराच्या दाराला कडी, आणि वहिनी वरच्या डेकवर पाहुण्यांच्या आरामखुर्चीत पाय पसरून बसलेली. आयुष्यात पहिल्यांदाच त्या खुर्चीत बसली होती. मऊ होती हो, बरीच मऊ.

"वहिनी, चहा?" कप्तानानं चाचरत विचारलं.

"चारी बाजूंना पाणी आहे. गाळून घ्या."

"अहो, गंमत करताय का?"

"मी पाण्यात गेले की चूल पेटेल. नाही गेले, तर बंदर दोन दिवसांवर आहे, तिथं खानावळ बघितलीच आहे तुम्ही. तिकडे जेवा."

कप्तान तावातावानं कडी काढून स्वयंपाकघरात घुसला. चहा करणं काय अवघड? पण वहिनीच्या कपाटात मीठ आणि साखर एकसारख्या बरण्यांत, शेजारी शेजारी, आणि कुठल्या बरणीत काय हे तिच्या हातांनाच माहीत. पहिला घोट इंजिनवाल्यानं घेतला आणि थेट समुद्रात थुंकला. मग भाताचं पातेलं चढलं. थोड्या वेळानं खिडकीतून असा धूर निघाला, की बोटीला आग लागली म्हणून दोघा पाहुण्यांनी जॅकेटं चढवली. मासोळी डेकवर गडाबडा लोळत हसत होती. दादा मात्र हसला नाही. तो खाली मान घालून टाक्या तपासत होता, ज्या आधीच तपासून झाल्या होत्या.

शेवटी शाळाबाई उठल्या, खारट चहाचा कप कप्तानासमोर ठेवला आणि म्हणाल्या, "त्यांना पाण्यात न्या. नाहीतर हे तुम्ही प्या." आधी पोटोबा, मग रीतभात. दुपारपर्यंत कप्तान नरमला. अटी घातल्या त्यानं: पुढच्या बेटाच्या आतल्या तळ्यातच, मासोळीच्या हाताच्या अंतरावर, अंगात हवेचं जॅकेट. दादा त्या वेळी बोटीच्या दुसऱ्या बाजूला पाहुण्यांबरोबर असेल आणि इकडे बघणारसुद्धा नाही.

"चालेल ना रे?" त्यानं दादाला विचारलं.

"मला विचारू नकोस," दादा म्हणाला. "माझं कोण ऐकतंय."

वहिनीनं चूल पेटवली आणि असा स्वयंपाक केला, की पाहुण्यांनी बोटं चाटली.

एक गोष्ट कुणालाच ठाऊक नव्हती. वहिनी अगदी कोरी नव्हती. कुणा पाहुण्यानं टाकून दिलेला मास्क तिनं पट्ट्याला गाठ मारून ठेवला होता, आणि कांदा चिरताना तो लावायची. सगळे हसायचे. हसू दे. नाक बंद करून तोंडानं श्वास घ्यायचा सराव तिचा तिथंच झाला होता. पुढे जुनी नळीही सापडली. मग दार लावून, भांडी घासायच्या टबात चेहरा घालून ती आपली श्वास घेत उभी राहायची, टबाच्या तळातल्या चमच्यांकडे बघत. समुद्र पाहायची ही तऱ्हा ऐकून हसायचं की रडायचं, तुमचं तुम्ही ठरवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती शिडीवरून उतरली. मासोळीनं जॅकेटमध्ये हवा भरली, पट्टे आवळले. "वहिनी, एकच लक्षात ठेवा. काहीही झालं, गोंधळलात, दमलात, तर पाठीवर पडायचं, नळी काढायची आणि आभाळ बघत राहायचं. जॅकेट तुम्हाला बुडू देणार नाही. हातपाय मारायचे नाहीत."

"एवढंच? हे तर मला जन्मात जमलं नाही," वहिनी म्हणाली. "स्वस्थ पडून राहणं."

आणि तिनं चेहरा पाण्यात घातला.

आधी आवाज आला. तिला वाटलं होतं खाली सगळं गप्प असेल. पण सगळीकडे तडतड चालली होती, तापल्या तव्यावर पाण्याचे थेंब पडावेत तशी. मग डोळे स्थिरावले. खाली खडक नव्हताच, वस्ती होती. जांभळे फांद्यांचे गठ्ठे, मेंदूसारखे वळ्यावळ्यांचे गोळे, पंख्यासारखं काहीतरी हलतंय, आणि त्यातून माणसं जावीत-यावीत तसे मासे. एक हिरवा-निळा गलेलठ्ठ मासा चक्क खडक खात होता. कर्र, कर्र! चावल्याचा आवाज तिला ऐकू येत होता. थोडं खाऊन तो पुढे गेला आणि मागून पांढरी वाळू सोडली. एका कोपऱ्यात तळहाताएवढा काळा मासा आपल्या बिळासमोर उभा होता, आणि कुणीही जवळ आलं की अंगावर धावून जायचा. त्याच्या दहापट मोठ्यावरसुद्धा. वहिनीला तो फार आवडला.

हे सगळं इथंच होतं. रोज. ती वर तांदूळ निवडत होती तेव्हा, बारा हात खाली. तिला एकदम रडू आलं. मास्कमध्ये रडता येतं, पण फार रडलं की दिसत नाही, आणि दिसायला तर हवंच होतं. म्हणून तिनं रडणं आवरलं.

तो खडक खाणारा मासा पुढे चालला होता. वहिनी त्याच्या मागे. अजून एक खडक, अजून एक. मासोळी बाजूलाच होती, पण तेवढ्यात तिच्या पायाला पेटका आला आणि ती पाय धरून जागच्या जागी थांबली. क्षणभरच. पण भरती संपली होती. तळ्यातलं पाणी खडकाच्या गोल कड्याला असलेल्या तोंडातून बाहेर निघायला लागलं होतं, आणि पाणी निघालं की ते कुणाची वाट बघत नाही. वहिनीनं डोकं वर काढलं तेव्हा मासोळी लांब होती. बोट त्याहून लांब. आणि ती आपण होऊन, हात न हलवता, सरकत होती.

  हात आपोआप मारायला उठले. मग तिनं ते दाबून धरले, पाठीवर पडली, नळी काढली आणि आभाळाकडे बघितलं. जॅकेटनं धरलं. श्वास आला. आला, गेला. तिनं मान वळवली, कुठं चाललोय ते बघायला.

आणि तिला दोन गोष्टी एकदम दिसल्या. दादा बोटीच्या पलीकडून, पाहुण्यांना सोडून, तिच्या दिशेनं येत होता, हात असे मारत होता की पाण्याचा फेस उडत होता. आणि त्याच्या मागे, त्याच प्रवाहात, शाळाबाई. त्यांच्या एका पायातला पोहायचा रबरी पंख निसटला होता, नळी तोंडातून सुटली होती, आणि त्या उभ्यानं हात वर करून पाणी बडवत होत्या. डोकं खाली गेलं. वर आलं. परत खाली गेलं. दादाला त्यांना नुसतं हात लांब करून धरता आलं असतं. पण त्याचं तोंड इकडे होतं.

"मागे!" वहिनी ओरडली. "मागे बघा! बाई!"

तो थांबला नाही. ऐकूच गेलं नाही, की ऐकायचं नव्हतं, देव जाणे. तो येऊन पोचला, त्याचा हात तिच्या खांद्यावर पडला. त्याचा चेहरा पांढराफटक होता. "धर मला, धर," तो म्हणत होता.

वहिनीनं दोन्ही पाय पोटाशी घेतले आणि त्याच्या छातीवर लाथ मारली. हो, लाथ. नवऱ्याला. भर समुद्रात.

"अरे, मला काय धाड भरलीय? ती मरतेय तिकडे! जा!"

जन्मात तिनं त्याला 'अरे' म्हटलं नव्हतं. त्या शब्दानं की लाथेनं, कशानं कोण जाणे, दादा जागा झाला. वळला. आणि मग मात्र तो गाइड होता. बाई दुसऱ्यांदा बुडाल्या त्या जागी त्यानं सूर मारला. वर यायला इतका वेळ लागला, की वहिनी आभाळ बघायचं विसरली. मग दोन डोकी वर आली. कप्तान छोटी होडी घेऊन भरधाव आला होता. आधी बाईंना ओढलं, पाठ थोपटली, त्यांनी पाणी ओकलं, खोकल्या, आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मग मासोळीला घेतलं. सगळ्यात शेवटी वहिनीला, कड्याच्या तोंडापाशी, जिथून पुढे निळं पाणी सुरू होतं.

सगळे बोटीवर परत आले. बाई ब्लँकेटात गुंडाळून बसल्या होत्या. दादा जमिनीवर, गुडघ्यांत डोकं घालून. 

कप्तानानं तोंड उघडलं. "म्हणून रीत असते. जुनी माणसं काय खुळी होती? हात दाखवून अवलक्षण झालं हे. एक जीव जाता जाता राहिला. वहिनी, झाली ना हौस? आता पुरे. आत जा."

वहिनी उठलीसुद्धा. सवय! कुणी आत जा म्हटलं की पाय आत निघतात. दारापाशी आली, कडीला हात लागला, आणि तिथंच थांबली.

"थांबा," ती वळून म्हणाली. "चुकलं काय, ते नीट सांगा मला. मी बुडत होते?"

कप्तान होडीचा दोर बांधायला लागला.

"मी हातपाय मारले? मी हाक मारली त्यांना? सांगितलं तसं पाठीवर पडले होते मी. बाई बुडतायत हे मी बघितलं. यांना परत मी पाठवलं. मग चूक कुणाची?" तिचा आवाज चढला. "तुमची रीत खरी आहे, मी कधी नाही म्हटलं? हात आपल्या माणसाकडे जातो. गेला की! पण हात ज्याचा चुकतो त्यानं वर थांबायचं, का जिचा हात चुकला नाही तिनं? इतकी वर्षं मी कोरडी राहिले ती यांच्या हातासाठी! हा कुठला न्याय? चोर सोडून संन्याशाला फाशी!"

"वहिनी, तो गाइड आहे—" कप्तान म्हणाला.

"आणि मी चूल आहे का?"

ब्लँकेटातून खोकला आला, आणि खोकल्यातून हसू. "बरोबर आहे त्यांचं," शाळाबाई घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "बुडाले मी, तेव्हा मत माझं धरा."

दादानं डोकं वर काढलं. "बाई, मी तुमच्या हातभर पुढून गेलो," तो म्हणाला. "तुम्ही मला दिसला होतात. दिसूनही मी थांबलो नाही."  बाईंनी त्याच्या ओल्या डोक्यावर हात ठेवला.  माफ केलं असं मात्र म्हणाल्या नाहीत.

दुपारी तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. दोघांना आत जागा नव्हतीच. वहिनी बटाटे सोलत होती.

"तू पाण्यात दिसलीस," तो म्हणाला, "आणि मग मला दुसरं काही दिसलंच नाही. मला माहीत होतं असं होणार. म्हणून कधी नेलं नाही तुला. खाली काय आहे ते सांगायचोही नाही. सांगितलं असतं, तर तू आली असतीस."

वहिनीचे हात थांबले. एवढ्या वर्षांत इतकं मोठं वाक्य त्यानं तिच्यासाठी उच्चारलं नव्हतं. काळीज हललं तिचं, का हलू नये? हाच माणूस बाईंशी गोड बोलत होता म्हणून ती जळत होती, आणि तो तर तिच्यापायी स्वतःची रीत, अब्रू, सगळं विसरला होता. एखादीनं तिथंच पदर डोळ्यांना लावला असता आणि म्हटलं असतं, जाऊ दे, मला नाही जायचं पाण्यात.

"हे मला आधी सांगायचं होतंत," ती म्हणाली. "माया तुमची, भीती तुमची, आणि कोंडून घातलंत मला. मायेनं घातलेली कडीसुद्धा कडीच असते हो. मला ती नको."

"मग काय करू मी?"

"ते तुम्ही ठरवा. माझं ठरलंय. उद्या शेवटचं बेट आहे, मी उतरणार. आणि खानावळीत पंखा आहे म्हणे. हवा असेल तर तुम्ही जा पंख्याखाली."

 दादानं कोपऱ्यातली दुसरी सुरी घेतली, उंबऱ्यावर बसला आणि बटाटा सोलायला लागला. इतकी जाड सालं काढली की निम्मा बटाटा गेला. वहिनीनं बघितलं आणि ओठ आवळून धरले.

दुसऱ्या दिवशी शेवटच्या बेटाशी बोट उभी राहिली. या वेळी कप्तानानं भरतीची वेळ दोनदा बघितली. पाहुणे पंख चढवत होते, बाईसुद्धा. हो, बाईसुद्धा! "आता नाही उतरले तर परत कधी उतरणार नाही," त्या म्हणाल्या. आज कोण नेणार, म्हणून सगळे दादाकडे बघायला लागले. दादा कोरड्या कपड्यांत होता.

"मासोळी नेईल," तो म्हणाला. "माझं माणूस पाण्यात आहे. मी उतरायचं नाही."

कप्तानानं मान डोलावली. वहिनी शिडीवरून उतरली, गुडघे कुरकुरले, पाणी मानेपर्यंत आलं. तिनं जॅकेटचे पट्टे ओढून बघितले आणि वर पाहिलं. दादा कठडा धरून उभा होता. इतका घट्ट, की बोटं पांढरी पडली होती, आणि एक पाय नकळत शिडीच्या पहिल्या पायरीवर आला होता.

"थांबा तिथंच," वहिनी म्हणाली. त्यानं पाय मागे घेतला, आणि तिनं चेहरा पाण्यात घातला.